डिस्क की डाउनलोड? आधी आडात काय आहे ते बघा

बडोद्यातल्या दांडिया बाजारातून आलेला प्रश्न थोडक्यात असा: आईला डोळ्यांमुळे आता वाचवत नाही. मराठी कादंबऱ्या आणि कथाकथनाच्या तीसेक डिस्क घरात आहेत, त्यातली काही पुस्तके ॲपवरही मिळतात. भाऊ म्हणतो, डिस्कचा आवाज तो डिस्कचाच, डाउनलोड म्हणजे दाबलेला माल. मुलगी म्हणते, डिस्क भंगारवाल्याला द्या आणि फोनवर ऐका. बरोबर कोण, आणि डिस्क ठेवायच्या तर त्यांचे करायचे काय?

कागदावर भाऊ बरोबर आहे आणि रोजच्या ऐकण्यात बरीचशी मुलगी बरोबर आहे. पण दोघेही भांड्यावरून भांडताहेत, आत काय आहे ते कुणी पाहिलेले दिसत नाही.

आधी हिशेब. ऑडिओ सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने (म्हणजे आवाजाची मोजमापे) असतात, प्रत्येक नमुना १६ बिटचा, आणि डावा-उजवा मिळून दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला १,४११ किलोबिट येतात, म्हणजे मिनिटाला सुमारे साडेदहा एमबी. म्हणून एका डिस्कवर ७४ ते ८० मिनिटेच मावतात आणि दहा तासांच्या कादंबरीला आठ-नऊ डिस्क लागतात. तेच दहा तास सेकंदाला ६४ किलोबिटच्या डाउनलोडमध्ये २८८ एमबीत बसतात. बिटांमध्ये बावीसपट फरक आहे, पण कानाला तो तेवढा लागत नाही. एकटा माणूस वाचत असतो तेव्हा दोन्ही चॅनेलवर एकच आवाज असतो, म्हणजे निम्मे बिट पुनरुक्तीत गेले. वाक्यांमधल्या शांततेलाही सीडी तेवढीच जागा देते जेवढी ती पूर्ण ताफ्याच्या वाद्यवृंदाला देईल. आणि माणसाच्या बोलण्यात १० किलोहर्ट्झच्या (सेकंदाला दहा हजार कंपनांच्या) वर फारसे काही नसते.

‘फारसे’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. स्वर आणि बहुतेक व्यंजने ४-५ किलोहर्ट्झच्या आत आटोपतात. वर राहतात ते घर्षणाचे आवाज, स, श आणि आपला दंततालव्य च-ज. मराठीत ‘चार’ मधला च वेगळा आणि ‘चारा’ मधला वेगळा, दुनिया या अर्थाचा ‘जग’ वेगळा आणि ‘जगणे’ मधला वेगळा. दुसऱ्या जातीच्या च-ज मध्ये स-ची सळसळ मिसळलेली असते आणि ती बरीच वर जाते. साध्या टेलिफोनवर ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, म्हणून तर आडनाव सांगताना ‘स सशातला’ असे म्हणावे लागते. डाउनलोड फाइल फार दाबली की नेमके हेच आधी बिघडते. नमुन्यांचा वेग २२.०५ किलोहर्ट्झ असेल तर ११ किलोहर्ट्झच्या वरचे सगळे गेलेच, कारण नमुन्यांच्या वेगाच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज साठवता येतो. ११ पर्यंत मिळाले तरी बोलणे छान कळते. पण त्यात बिटांचीही उपासमार असेल, समजा ३२ किलोबिटचा जुना एमपी३ असेल, तर स पाण्यात विरघळल्यासारखा ऐकू येतो आणि ट-ठ-क यांच्या ठोक्याआधी किंचित फुसफुस येते. एमपी३ आवाजाचे साधारण २६ मिलिसेकंदांचे तुकडे करते. अचानक आलेल्या ठोक्याची चूक तुकडाभर पसरते आणि ठोक्याच्या आधीच्या शांततेतही डोकावते.

माझे आकडे असे. एका आवाजाच्या वाचनाला मोनो (एकाच चॅनेलचा) ६४ किलोबिट एमपी३ किंवा एएसी पुरे, या दोन्ही आवाज दाबायच्या पद्धती. ओपस ही तिसरी पद्धत असेल तर ३२ मध्येही चांगले निभते, कारण तो बोलण्याचाही विचार करून बनवलेला आहे. ३२ चा एमपी३ टाळावा, १६ चा घेऊच नये. मात्र नाट्यवाचन, पार्श्वसंगीत, सभागृहातले कथाकथन आणि विशेषतः कीर्तन असेल तर स्टिरिओ १२८ च्या खाली जाऊ नका. टाळ, चिपळ्या आणि प्रेक्षकांच्या टाळ्या या कुठल्याही कोडेकच्या, म्हणजे आवाज दाबायच्या पद्धतीच्या, जिवावर येतात. कमी बिटांत टाळांची किणकिण कढईत तळल्यासारखी होते.

विकत घेताना बिटरेट (सेकंदाला किती किलोबिट ते) बहुधा लिहिलेला नसतो, पण आकार आणि कालावधी लिहिलेला असतो. एमबीला ८,००० ने गुणा, सेकंदांनी भागा. आठ तासांचे पुस्तक ११५ एमबीचे असेल तर ११५ × ८,००० ÷ २८,८०० म्हणजे ३२ किलोबिट. लक्षात ठेवायला सोपे म्हणजे तासाला १४ एमबी दिसले तर ३२, २९ दिसले तर ६४, ५८ दिसले तर १२८. काही ॲपमध्ये डाउनलोडची गुणवत्ता निवडायची सोय सेटिंगमध्ये दडलेली असते आणि डेटा वाचवण्यासाठी ती कमीवर ठेवलेली असते. ती आधी ‘हाय’ करा, मगच डाउनलोडला नावे ठेवा.

आता डिस्ककडे. तुमच्या तीस डिस्क सगळ्या ऑडिओ सीडी आहेत असे गृहीत धरू नका. डिस्क संगणकात घाला. आत ‘ट्रॅक०१.सीडीए’ अशा ४४ बाइटच्या फाइली दिसल्या तर ती खरी ऑडिओ सीडी. ४४ बाइटमध्ये आवाज नसतो, ट्रॅक कुठे सुरू होतो त्याचा नुसता पत्ता असतो. (या फाइली पेनड्राइव्हवर ओढून ‘कॉपी झाली’ म्हणून डिस्क टाकून देणारे लोक दर गल्लीत एक तरी सापडतात.) आत .एमपी३ फाइली दिसल्या तर ती नुसती गोल आकाराची डाउनलोड आहे. ७०० एमबीच्या एका डिस्कवर ६४ किलोबिटने पंचवीस तास मावतात. ‘एकाच डिस्कमध्ये संपूर्ण कादंबरी’ असे वेष्टनावर लिहिले असेल तर ती याच जातीची, आणि तिथे भावाचा मुद्दा निकालात निघाला.

आणि खरी ऑडिओ सीडी असली तरी तिच्यावर आलेला आवाज कुठून आला? मराठी कथाकथनाच्या कितीतरी डिस्क मूळच्या कॅसेटवरून उतरवलेल्या आहेत. कॅसेटची खरखर, वर-खाली होणारा वेग, बोथट झालेला स, हे सगळे सीडीने १,४११ किलोबिटमध्ये अगदी इमानेइतबारे जपलेले असते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? उलट त्याच पुस्तकाचे अलीकडे स्टुडिओत नव्याने झालेले वाचन ६४ किलोबिटमध्येही त्यापेक्षा कितीतरी साफ ऐकू येईल. डाउनलोडच्या बाजूनेही आड तपासायला हवा. ऑडिबल या श्राव्य पुस्तकांच्या ॲपसाठी निर्मात्यांकडून फाइली घेणाऱ्या एसीएक्सच्या अटींत किमान १९२ किलोबिटचा एमपी३, आवाजाची सरासरी पातळी -२३ ते -१८ डेसिबल, शिखर -३ च्या खाली आणि शांततेतला गोंगाट -६० च्या खाली असे मोजमाप आहे. म्हणजे एकदा दाबलेलीच फाइल पुढे पुन्हा दाबली जाते. चांगल्या रेकॉर्डिंगला ते पचते, खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघर असलेल्या रेकॉर्डिंगला पचत नाही, कारण कोडेकचे बिट घरघर सांभाळण्यातच खर्च होतात.

आडाचा तळ डोळ्यांनी बघता येतो. ‘स्पेक’ नावाचा फुकट प्रोग्रॅम फाइलचा वर्णपट काढून देतो. आडवा अक्ष वेळेचा, उभा कंपनांचा. स-श भरपूर असलेला दोन-तीन मिनिटांचा भाग घ्या, नाहीतर खर्जातल्या पुरुषी आवाजाचा पट्टा तसाही रिकामा दिसतो आणि भलताच निष्कर्ष निघतो. कॅसेटवरून आलेला आवाज वर जाताना हळूहळू विरळ होतो आणि खरखरीचा धूसर पडदा वरपर्यंत पसरलेला दिसतो. डिजिटल काटछाट मात्र कड्यासारखी असते, एका रेषेवर रंग संपतो. रेषा १६ किलोहर्ट्झच्या आसपास असेल तर तो आवाज कधीतरी १२८ किलोबिटच्या एमपी३ मधून आलेला असण्याची दाट शक्यता. ११ वर असेल तर मूळ २२.०५ चे. अशी रेषा ऑडिओ सीडीवर दिसली की समजा, कुणीतरी एमपी३ वरूनच ती सीडी जाळली आहे. दुधात पाणी घातल्यावर ते मोठ्या पातेल्यात ओतून दूध वाढत नाही, तसेच फ्लॅक किंवा डब्ल्यूएव्हीत (आवाजातले काहीही न गाळणाऱ्या फाइलींत) बदलून गेलेले परत येत नाही.

तुलना करायची असेल तर नीट करा. तीन चुका नेहमीच्या आहेत. पहिली म्हणजे दोन वेगवेगळी वाचने ताडून पाहणे. डिस्कवरची आवृत्ती बरेचदा संक्षिप्त असते आणि वाचकही दुसरा. दुसरी म्हणजे डिस्क मोठ्या म्युझिक सिस्टिमवर आणि डाउनलोड फोनच्या स्पीकरवर ऐकणे. तिसरी, आणि सगळ्यात फसवी, पातळीतला फरक. एक डेसिबलने मोठा असलेला आवाज कानाला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. म्हणून डिस्कवरचा उतारा फ्लॅकमध्ये उतरवा, त्यावरूनच ६४ चा एमपी३ बनवा, दोन्हीची पातळी सारखी आहे ना ते बघा आणि ‘फूबार२०००’ या प्लेअरमधल्या एबीएक्स जोडणीने (ती कुठला उतारा वाजतोय ते लपवते) न बघता ओळखायचा प्रयत्न करा. १६ वेळा ऐकून १२ किंवा जास्त वेळा बरोबर ओळखले तर कान खरे. नुसत्या अंदाजाने तेवढे जमण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. ॲपमधल्या फाइली कुलूपबंद असतात, त्या यात घालता येत नाहीत. तिथे घरगुती उपाय म्हणजे फ्लॅक आणि ॲप दोन्ही एकाच फोनवर, एकाच वायरच्या इअरफोनवर ठेवायचे, भावाने पाठ करून बसायचे आणि मुलीने नाणे उडवून लावायचे. हा वाद मिटवायला एक संध्याकाळ पुरेल.

वायरचा इअरफोन मुद्दाम म्हटले. ब्लूटूथ आवाज पुन्हा एकदा दाबतो. नेहमीच्या एसबीसी कोडेकला पुरेसे बिट मिळतात तेव्हा काही बिघडत नाही, पण लॅपटॉपवर एखादा कॉलचा प्रोग्रॅम मागे उघडा असेल तर हेडफोन गुपचूप बोलण्याच्या मोडमध्ये जातो आणि नमुन्यांचा वेग ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतो. ‘डाउनलोडचा आवाज डबक्यातून येतो’ ही तक्रार पुष्कळदा इथे सुटते. गाडीत ऐकणार असाल तर सगळा वादच फिजूल. अहमदाबादच्या एक्सप्रेसवेवर टायरांच्या आवाजात ६४ आणि १,४११ मधला फरक कुणालाही कळणार नाही.

आईसाठी निवडताना आणखी एक गोष्ट जास्त मोलाची. वयाबरोबर ऐकणे आधी वरच्या कंपनांतले कमी होते, म्हणजे स्वर ऐकू येतात आणि व्यंजने निसटतात. ‘ऐकू येतं पण कळत नाही’ ते यामुळे. अशा कानाला १६ किलोहर्ट्झच्या वरच्या बारकाव्यांचा उपयोग शून्य. उपयोग आहे तो २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा तीनेक डेसिबलने उचलण्याचा, ८०-१०० हर्ट्झच्या खालची घुमघुम छाटण्याचा, आणि वेग ०.९ वर आणण्याचा. ही सगळी कामे फाइलवर होतात, सीडी प्लेअरवर नाही. शिवाय थांबवले त्या वाक्यापासून पुन्हा सुरू होणे ही एकच सोय डिस्कच्या बाजूच्या सगळ्या युक्तिवादांना भारी आहे. नववी डिस्क काढून दहावी घालणे दृष्टी अधू झालेल्या माणसाला किती जमेल याचा विचार करा.

म्हणून डिस्क ऐकायच्या नाहीत, उतरवायच्या आणि मूळ प्रत म्हणून जपायच्या. स्वतःच्या घरातल्या वापरापुरते. नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवायला नाही.

उतरवण्याआधी डिस्क ट्यूबलाइटसमोर धरा. छापील बाजूला टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसले तर ॲल्युमिनियमचा थर गेला आहे, तिथला आवाज परत येणार नाही. लोक खालची चकचकीत बाजू जपतात आणि लेबलची बाजू टेबलावर घासतात. खरे तर डेटा लेबलच्या लगेच खाली असतो, फक्त लाखेचा पातळ थर मध्ये. खालून मात्र सव्वा मिलिमीटरच्या आसपास पॉलिकार्बोनेटचे चिलखत असते. खालचा चरा बहुधा निभतो. धुवायचे ते कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून, जुन्या मऊ मलमलीने, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ. गोल गोल पुसायचे नाही. सीडीची दुरुस्तीव्यवस्था ट्रॅकच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग जखम गणिताने पूर्ण भरून काढते. आडवा ओरखडा प्रत्येक फेरीत थोडाच लागतो, ट्रॅकच्या दिशेने गोल गेलेला मात्र लांबलचक तुकडा एकदम गिळतो आणि मग प्लेअर मधले नमुने अंदाजाने भरतो किंवा अडखळतो.

विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा डिस्क उतरवायचा प्रोग्रॅम घ्या. बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह थेट लॅपटॉपला जोडा, हबला नको, वीज अपुरी पडली की वाचन चुकते. सिक्युअर मोड, वेग ८ पट किंवा कमी, आणि ‘टेस्ट अँड कॉपी’. यात प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचला जातो. दोन्ही वेळचा सीआरसी आकडा (वाचलेल्या डेटावरून काढलेला पडताळा) जुळला की प्रत खरी. ॲक्युरेटरिपच्या, म्हणजे इतरांनी उतरवलेल्या डिस्कच्या, यादीत ही डिस्क नाही असे दाखवेल, घाबरू नका, मराठी डिस्कच्या बाबतीत ते चालायचेच. न जुळलेल्या ट्रॅकची वेळ अहवालात येते, तेवढाच भाग कानाने ऐका. साठवण फ्लॅकमध्ये, पूर्ण डिस्कची एकच फाइल आणि सोबत ट्रॅकच्या खुणा सांगणारी क्यू फाइल, कारण पुष्कळ डिस्कवर ट्रॅकची खूण वाक्याच्या मध्येच पडलेली असते आणि एमपी३ मध्ये त्या सांध्यावर उचकी लागते. दहा तासांचा कच्चा आवाज सव्वासहा जीबीच्या वर भरतो, फ्लॅकमध्ये बोलण्याचा तो निम्म्याहूनही कमी होतो. फ्लॅकच्या आत मूळ आवाजाची एमडी५ खूण असते, त्यामुळे पाच वर्षांनी फाइल शाबूत आहे का ते तपासता येते.

ऐकायची प्रत मोनो करताना एक सापळा आहे. कॅसेटवरून आलेल्या डिस्कवर, कॅसेट वाचणारे हेड वाकडे असल्यामुळे, डावा आणि उजवा चॅनेल किंचित मागेपुढे झालेले असतात. दोन्हींची बेरीज केली की वरची कंपने एकमेकांना खातात आणि आवाज पिंपात बोलल्यासारखा पोकळ होतो. एखाद्या डिस्कवर एक चॅनेल उलट्या दिशेने जोडलेला असेल तर आवाज जवळजवळ नाहीसाच होतो. अशा वेळी ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ट्रॅक फोडा, दोन्ही बाजू ऐका, जी साफ असेल ती एकच ठेवा. खरखर काढायचा मोह आवरा. सहा डेसिबलच्या पुढे गेलात की खरखर जाते आणि तिच्या जागी किणकिणता भुताटकी आवाज येतो, तो जास्त त्रासदायक.

फाइलींची नावे ०१, ०२ अशीच द्या, नाहीतर १ नंतर १० लागतो. आणि गाडीतले बरेच स्टिरिओ पेनड्राइव्हवर फाइली ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात, म्हणून क्रमाने कॉपी करा.

सुरुवात कुठून करायची तर घरी किंवा दुकानात जाळलेल्या, खालून हिरवट-निळसर दिसणाऱ्या सीडी-आर डिस्कपासून. त्यांच्यात सेंद्रिय रंगाचा थर असतो, ऊन आणि उष्णता त्याला मारते, आणि वर कागदी स्टिकर असेल तर डिस्क वाकते. बडोद्यात मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर पेटी असेल तर ती आजच खाली आणा. कारखान्यात छापलेल्या, चांदीसारख्या दिसणाऱ्या डिस्क दिवाळीपर्यंत थांबल्या तरी चालेल.